काळाचे यंत्र आणि रोहिणखेडचा घाट

आपल्या आईवडिलांचे लग्न कसे झाले हे आपण सगळ्यांनी ऐकलेले असते; पाहिलेले मात्र कोणीच नसते. मांडवात कोण रुसले, पंगतीत काय कमी पडले, वरमाई कशावरून फुगून बसली, हे सारे आपल्याला आत्याबाईंच्या तोंडून कळते. आणि आत्याबाईंची साक्ष नेहमीच एका बाजूची असते! समजा, त्या मांडवात तुम्हाला स्वतःलाच जाऊन बसता आले तर? आणि नुसते बसता नव्हे, तर थोडी ढवळाढवळही करता आली तर? ज्याला काळाच्या प्रवासाचा विनोदी चित्रपट म्हणतात त्याची सारी मौज या ‘तर’मध्ये आहे.

हा प्रकार हिंदी पडद्यावर फार जुना नाही. २००३ साली ‘फन टूश’ नावाचा एक चित्रपट आला. त्यात आजची टगी पोरे थेट दहाव्या शतकात जाऊन पडतात. त्याआधी १९९१ साली तेलुगू भाषेत ‘आदित्य ३६९’ निघाला होता. त्यात नायक विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या दरबारात जातो. पण समजून घ्यायला सोयीचा चित्रपट म्हणजे २०१० च्या दिवाळीत लागलेला विपुल शहा यांचा ‘ॲक्शन रिप्ले’. तो चित्रपट फार थोर आहे म्हणून मी निवडला असे नव्हे. त्याच दिवशी ‘गोलमाल ३’ लागला आणि गर्दी तिकडे गेली. पण या प्रकाराचे हाडपेर जसे आहे तसे त्यात उघडे दिसते, म्हणून आज त्याच्याविषयी बोलू. आणि बोलता बोलता ते यंत्र आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यातील रोहिणखेडला नेऊन उभे करू. तिथेच का, ते पुढे कळेल.

कथा अशी. किशन आणि माला हे एक जोडपे. किशन म्हणजे अक्षयकुमार, माला म्हणजे ऐश्वर्या राय. लग्नाला वर्षे झाली, पण घरात रोजची धुसफूस. त्यांचा मुलगा बंटी (आदित्य रॉय कपूर) हे लहानपणापासून पाहत आला आहे. त्यामुळे त्याच्या मैत्रिणीने लग्नाचा विषय काढला की याच्या पोटात गोळा येतो. लग्न म्हणजे हेच असेल तर नको रे बाबा! या मैत्रिणीच्या आजोबांनी, म्हणजे रणधीर कपूर यांनी, काळात मागे-पुढे नेणारे एक यंत्र बनवले आहे. म्हाताऱ्याचे नाव अँथनी गोन्साल्विस. हे नाव १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’पासून घरोघरी पोहोचलेले, आणि त्याच्याही मागे गोव्यातील माजोर्ड्याचे एक खरेखुरे व्हायोलिनवादक उभे आहेत, जे संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू होते. नावेसुद्धा काळातून प्रवास करतात, ती अशी.

तर बंटी त्या यंत्रात बसतो आणि १९७५ सालात उतरतो. पाहतो तो काय, बाप अगदीच बावळा, दबून वागणारा. आणि आई म्हणजे दांडगी, टपोरी मुलगी, बापाची भर रस्त्यात फजिती करणारी. ह्यांचे लग्न पुढे आईबापांनी ठरवून लावले होते. प्रेमाचा त्यात पत्ता नव्हता. मग मुलगाच बापाचा गुरू होतो. केस कसे ठेवावेत, कपडे कसे घालावेत, मुलीपुढे बोलावे कसे, याचे धडे देतो. आपलाच बाप आपल्याला ‘यार’ म्हणतो, आपल्याच आईचा राग आपल्याला भोवतो, हा सगळा गमतीचा भाग. शेवटी दोघांचे प्रेम जमते आणि बंटी आपल्या काळात परत येतो तेव्हा घर बदललेले असते.

हा चित्रपट एका गुजराती नाटकावरून घेतला होता. ज्यांनी १९८५ सालचा ‘बॅक टू द फ्यूचर’ हा अमेरिकन चित्रपट पाहिला असेल, त्यांना तो आठवल्यावाचून राहणार नाही. तिथेही एक मुलगा मागे जातो, १९५५ सालात, आणि आईबापांची गाठ पडेल की नाही याची त्याला धास्ती लागते. पण दोन्हींत एक फरक आहे, आणि तो आपल्या देशाचा फरक आहे. अमेरिकन मुलाची काळजी अशी की, आईबापांचे जुळले नाही तर आपण जन्मालाच येणार नाही. आपल्या बंटीला ती काळजी नाही. लग्न तर ठरवून होणारच आहे! त्याची तक्रार एवढीच, की लग्न झाले पण सूर जुळला नाही. तिकडे प्रश्न जन्माचा. इकडे प्रश्न नांदण्याचा.

आता यातली गोम पाहा. कागद-पेन्सिल घेऊन बसावे इतकी ती मजेची आहे. बंटी मागे गेला कशासाठी? घरात भांडणे होती म्हणून. त्याने मागे जाऊन भांडणाचे मूळच उपटले. म्हणजे घरात भांडणे झालीच नाहीत. भांडणे झाली नाहीत, तर बंटीला मागे जाण्याचे कारणच उरले नाही. कारण उरले नाही म्हणजे तो गेलाच नाही. आणि तो गेलाच नाही, तर मूळ उपटले कोणी? झालं! फिरून आपण जात्याच्या खुंट्याशी. जाणकार या कोड्याला आजोबांचे कोडे म्हणतात: काळात मागे जाऊन एखाद्याने आपल्या आजोबांचे लग्नच होऊ दिले नाही, तर तो मागे जायला उरला कुठून?

दुसरी अडचण याहून बारीक आहे. बंटी परत येतो त्या घरात आईबाप सुखी आहेत. पण त्या सुखी घरात वाढलेला एक बंटी असायला हवा ना? हसतखेळत मोठा झालेला, लग्नाला न भिणारा. तो कुठे गेला? आणि हा जो परत आला, त्याच्या डोक्यात पंचवीस वर्षांची भांडणे भरलेली आहेत, जी आता कोणाच्याच आठवणीत नाहीत. आई म्हणेल, “आम्ही कधी भांडलो रे?” विनोदी चित्रपट या जागी थांबत नाही, थांबला तर तो विनोदी राहणार नाही. तो गाणे सुरू करतो.

चित्रपटाने या सालातून काय घेतले तेही पाहण्यासारखे आहे. रुंद पायघोळाच्या विजारी, लांब कल्ले, झगझगीत सदरे आणि नाचगाणे. पण १९७५ म्हणजे तेवढेच होते काय? जूनच्या २५ तारखेला देशात आणीबाणी आली. महाराष्ट्रात १९७२-७३ चा दुष्काळ नुकता कुठे मागे पडला होता. खडी फोडून फोडून हातांना पडलेले घट्टे अजून बुजले नव्हते. ‘शोले’ त्याच वर्षी १५ ऑगस्टला लागला. आपल्या मलकापूर-मोताळ्याकडच्या शिवारात कपाशी आणि ज्वारी होती. सोयाबीनचा आजचा पसारा नव्हता. बंटीचे यंत्र मुंबईऐवजी इकडे कुठे उतरले असते तर त्याला वेगळेच साल दिसले असते. विनोदी चित्रपटाने दुष्काळ दाखवावा असे माझे म्हणणे नाही. पण जुना काळ म्हणजे जुने कपडे, ही समजूत फार पसरली आहे. कपड्यांचा विनोद दहा मिनिटे पुरतो. पुढे माणसे लागतात.

काळातून जाण्याची कल्पना आपल्याला परकी आहे, ती इंग्रजांकडून आली, असे पुष्कळांना वाटते. यंत्र तिकडून आले हे खरे. एच. जी. वेल्स यांनी १८९५ साली ‘टाइम मशीन’ ही कादंबरी लिहिली आणि तेव्हापासून काळाच्या प्रवासाला बैठक, दांडा, चाक असे सगळे सामान मिळाले. पण प्रवास आपल्या पुराणात आधीपासून आहे आणि तोही विनोदासकट! कुशस्थळीचा राजा ककुद्मी आपली कन्या रेवती हिला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला. हिला वर कोणता पाहावा, हे विचारायला. तिथे गंधर्वांचे गाणे चालले होते. राजा सभ्य माणूस. गाणे संपेपर्यंत थांबला. मग त्याने आपल्या मनातल्या स्थळांची यादी सांगितली, तेव्हा ब्रह्मदेव हसले. अहो, तुमचे गाणे ऐकून होईतो खाली सत्तावीस चतुर्युगे उलटली. ती स्थळे, त्यांचे नातू, पणतू, कोणी राहिले नाही! परत येऊन पाहतात तो माणसे आकाराने लहान झालेली आणि मुलगी जुन्या युगातली, ताडमाड उंच. शेवटी तिचे लग्न बलरामाशी झाले. आणि बलरामाने नांगराच्या फाळाने तिला खाली ओढून आपल्या बेताची केली म्हणतात. नवरीला नवऱ्याच्या मापाची करून घेणे! ही कथा लिहिणाऱ्याला हसू आले असेलच. रेवतीला आले की नाही, ते पुराणात नाही.

मुचुकुंदाची गोष्टही याच जातीची. देवांच्या लढाईत दमलेला हा राजा झोपेचा वर मागून गुहेत झोपी गेला. कालयवनाने लाथ मारून उठवले, तो जळून खाक झाला. आणि बाहेर येऊन मुचुकुंद पाहतो तर माणसे खुजी झालेली. आपल्या पुराणातला प्रवासी नेहमी पुढे जातो, मागे जात नाही. हे ध्यानात ठेवा, कारण विज्ञानाचे म्हणणेही काहीसे तसेच आहे. १९०५ साली आइन्स्टाइन यांनी दाखवून दिले की वेगाने जाणाऱ्याचे घड्याळ सावकाश चालते. १९७१ साली हाफेल आणि कीटिंग या दोघा शास्त्रज्ञांनी अतिशय काटेकोर अशी अणुघड्याळे प्रवासी विमानांत ठेवून पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि उतरल्यावर जमिनीवरच्या घड्याळांशी ताळा पाहिला. फरक पडला होता, सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावा एवढा. पण आइन्स्टाइनच्या हिशेबाशी जुळणारा. म्हणजे दुसऱ्यांच्या मानाने केसभर पुढल्या काळात पोहोचणे शक्य आहे. मागे जाण्याची वाट मात्र आजवर कोणाला सापडलेली नाही. ककुद्मीला तिकीट मिळेल, बंटीला नाही.

आणि आपला तमाशा? वगात राजा दरबार भरवून बसलेला असतो, कुठल्या काळातला ते कोणी विचारीत नाही. आणि त्याच दरबारात सोंगाड्या उभा राहून कालच्या बाजारातला कांद्याचा भाव सांगतो, पुढाऱ्याची नक्कल करतो. प्रेक्षक टाळ्या देतात. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यात दादा कोंडके यांनी हवालदार उभा केला, तोही याच वाटेने. सोंगाड्याला यंत्र लागत नाही. तो एक पाय जुन्या काळात आणि एक पाय आजच्यात ठेवूनच जन्माला येतो. मराठी चित्रपटानेही बहुतेक हीच रीत धरली. १९८२ च्या ‘एक डाव भुताचा’ या चित्रपटात अशोक सराफ यांनी जुन्या मराठेशाहीतला एक गडी भूत होऊन आणला आणि दिलीप प्रभावळकरांच्या भित्र्या मास्तराच्या मागे उभा केला; लेखणी द. मा. मिरासदारांची. २००९ च्या ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’ मध्ये तर प्रत्यक्ष महाराजच आजच्या मुंबईतल्या कारकुनापुढे प्रगट होतात. हिंदी मुलगा मागे जाऊन बापाला सुधारतो. मराठीत पूर्वज पुढे येऊन आपल्याला सुधारतात. आम्हाला पूर्वजांना शिकवायचा धीर होत नाही, असे दिसते!

त्याला मोठा अपवाद डॉ. जयंत नारळीकर यांचा. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. का? तर १७६१ साली विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात लागलेलीच नाही. नुसती चाटून गेली. एक गोळी वीतभर सरकली आणि पुढचा सगळा इतिहास वेगळा. नारळीकर २०२५ साली गेले, पण ही गोळी मराठी वाचकांच्या डोक्यातून जायची नाही.

तीच धरून आता रोहिणखेडला चला.

रोहिणखेड बालाघाटाच्या पायथ्याशी आहे. खाली पूर्णेचे सपाट काळे रान, वर बुलढाण्याचा घाटमाथा, आणि मधून चढणारी वाट. खानदेशातून वऱ्हाडात किंवा दक्षिणेत फौज न्यायची तर ही वाट महत्त्वाची. म्हणून या एवढ्याशा जागी दोन मोठ्या लढाया झाल्या. पहिली १४३७ साली, दुसरी हिजरी ९९९ मध्ये, म्हणजे इसवी सन १५९०-९१ च्या सुमारास. तवारिखांतून त्या लढाया वाचताना मला एक गोष्ट जाणवली. दोन्हींच्या मुळाशी घरचे भांडण आहे. आणि तेही थेट आपल्या बंटीच्या जातीचे: एक बिनसलेल्या लग्नाचे, दुसरे बाप-लेकाचे.

पहिली घ्या. खानदेशचा नासिरखान फारुकी याची मुलगी बिदरला दिली होती, बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशाह याला. तवारिखांत ती मलिका-इ-जहान या किताबाने येते. सुलतानाच्या फौजा कोकणात गेल्या, तेव्हा संगमेश्वरच्या राजाची मुलगी जनान्यात आली. तिचे नाव ठेवले झेबा चेहरा, म्हणजे देखण्या मुखड्याची. सुलतानाचे सारे लक्ष तिच्याकडे गेले. थोरलीने माहेरी तक्रार लिहून पाठवली. बापाला राग आला. आता हा राग साधासुधा नव्हे. गुजरातच्या सुलतानाची फूस, वऱ्हाडातल्या काही सरदारांची फितुरी, हे सारे त्याच्या पाठीशी होतेच. मुलीचे निमित्त किती आणि मुलुखाची हाव किती, हे नासिरखानच जाणे. त्याने वऱ्हाडात फौज घातली. बहमनी सुभेदार नरनाळ्याच्या किल्ल्यात अडकून पडला. तेव्हा बिदरहून मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन आला आणि रोहिणखेडला त्याने नासिरखानाला मोडले. पार बऱ्हाणपुरापर्यंत पाठलाग करून ते शहर जाळले. नासिरखान धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यात जाऊन बसला आणि त्याच वर्षी मेला.

समजा, रोहिणखेडचा एखादा पोरगा त्या यंत्रात बसून १४३७ सालात आपल्याच गावच्या वेशीवर उतरला. भाषेची अडचण त्याला फारशी पडणार नाही. ज्ञानेश्वरी होऊन तेव्हाच दीडशे वर्षे होत आली होती, निम्मे-अर्धे तरी त्याला उमगेल. अडचण येईल ती जेवायला बसल्यावर. ज्वारीची भाकर मिळेल, पण ठेचा मागितला तर घरधनीण तोंडाकडे पाहत राहील. मिरची अजून आपल्या देशात आलेलीच नव्हती! मिरची, भुईमूग, मका, बटाटा, टोमॅटो ही सगळी अमेरिका खंडातली पिके. ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून नंतर आली. वऱ्हाडी माणसाला मिरचीशिवाय झुणका म्हणजे मोठीच शिक्षा. चहा नाही, तंबाखू नाही. त्याला वाटेल, चला लवकर काम उरकून परत जाऊ.

काम काय? बंटीसारखेच. बिदरला जायचे, सुलतानाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, थोरल्या बेगमेशी त्याचा सूर जुळवायचा, म्हणजे तक्रारीचे पत्र जाणार नाही, सासरा चालून येणार नाही, बऱ्हाणपूर जळणार नाही. किती सोपे! हिंदी पटकथा इथे तासाभरात तयार होईल. पण जरा थांबा. सुलतान थोरलीकडे वळला म्हणजे त्या संगमेश्वरच्या मुलीचे काय? ती आपण होऊन आलेली नव्हती. तिचा मुलूख लढाईत हरला म्हणून ती आली. तिचे माहेरचे नावसुद्धा इतिहासाने ठेवलेले नाही. उरले ते मालकाने ठेवलेले, तिच्या चेहऱ्याचे. आपला पोरगा एकीचा संसार सावरील तो दुसरीच्या जिवावर. आणि या साऱ्या खटाटोपात दोघींपैकी एकीला तरी कोणी विचारले असेल काय, की बाई, तुला काय हवे?

हीच शंका परत आणून ‘ॲक्शन रिप्ले’ला लावून पाहा. बंटी बापाला शिकवतो, सजवतो, बोलायला लावतो. मालाला मात्र पत्ता नाही की तिच्या मनाभोवती पुढल्या काळातून आलेला तिचाच मुलगा फासे टाकीत बसला आहे. १९७५ सालची ती दांडगी मुलगी एखाद्या दिवशी लग्नच नको म्हणाली असती तर? चित्रपटात हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण तो विचारला तर बंटीचेच काही खरे नाही. मुलाच्या सोयीसाठी आईची हकीकत दुरुस्त होते. पुराणात रेवतीला नांगराने बेताची केली, त्यातलाच हा प्रकार. फक्त नांगराऐवजी गाणी आहेत. मला हा चित्रपट हसवतो, हे मी मोकळेपणी कबूल करतो. पण हसून झाल्यावर खटकते ते इथे.

दुसरी लढाई तर बंटीच्या गोष्टीची उलटी बाजू आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत १५८८-८९ मध्ये मोठी कापाकापी झाली. मुर्तजा निजामशहाला त्याच्या मुलाने मारले, त्या मुलाला दुसऱ्यांनी मारले, आणि गादीवर बसवले एका पोरसवदा इस्माईलला. कारभार सगळा जमालखानाच्या हाती. हा जमालखान महदवी पंथाचा. जौनपूरच्या सय्यद मुहंमदांना महदी मानणारा हा पंथ. आणि हिजरी सनाचे हजारावे वर्ष दोन पावलांवर आले होते, तेव्हा काळ पालटणार, काहीतरी मोठे घडणार, असे त्या दिवसांत पुष्कळांना वाटत होते. इस्माईलचा बाप बुऱ्हाण हा मात्र अकबराच्या आश्रयाला गेलेला. मुलगा गादीवर आणि बाप परमुलखात! बापाने खानदेशच्या राजे अलीखानाची मदत घेतली आणि मुलाचे राज्य घ्यायला निघाला. गाठ पडली ती रोहिणखेडला. गोळी लागून जमालखान पडला, फौज फुटली, मुलगा बापाच्या कैदेत गेला आणि बाप बुऱ्हाण निजामशहा म्हणून गादीवर बसला. दीडशे वर्षांपूर्वी याच घाटात खानदेशवाल्यांचा धुव्वा उडाला होता. या वेळी ते जिंकणाऱ्यांच्या बाजूला होते.

ही गोळी नारळीकरांच्या गोळीची थोरली बहीण. ती चुकली असती तर बुऱ्हाणला गादी मिळाली नसती. तो १५९५ साली मेला तेव्हा त्याच्या मागे जी भाऊबंदकी माजली ती निदान तशी माजली नसती. तिच्यातूनच मोगलांना अहमदनगरला वेढा घालायला सवड मिळाली. त्या वेढ्यात बुऱ्हाणची बहीण चांदबिबी तटावर उभी राहिली, आणि १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना देऊन तिने शहर वाचवले. वऱ्हाड म्हणजे आपण, बरं का! आपण कोणाच्या अमलाखाली जायचे, याचा एक धागा त्या घाटातल्या एका गोळीपर्यंत जातो. पुढे काय झाले असते ते कोणी सांगू शकत नाही. एखाद्या वेळी मोगल दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या साली आलेच असते. इतिहासाचे अभ्यासक यावर डोके खाजवतील; विनोदी लेखकाने मात्र खुशाल पंख पसरावेत.

बंटी मागे गेला तो बापाला बायको मिळवून द्यायला. बुऱ्हाण परत आला तो मुलाची गादी काढून घ्यायला. इस्माईल त्या वेळी पोर होता. त्याला गादीवर बसवताना कोणी विचारले नाही आणि उतरवतानाही नाही. काळाचे यंत्र त्याच्या हाती दिले असते, तर तो कुठल्या साली गेला असता? माझा तर्क आहे की तो कुठेच मागे गेला नसता. सरळ पुढे पळाला असता, जितका दूर जाता येईल तितका.

हे सारे सांगण्याचे एक कारण आहे. गणपतीत किंवा गावच्या जत्रेत नाटक बसवणाऱ्या मंडळींची नेहमीची ओरड असते की, विषय मिळत नाही, आणि मिळाला तर खर्च झेपत नाही. काळाच्या प्रवासाइतके स्वस्त नाटक दुसरे नाही. मुंबईवाल्यांना यंत्रासाठी लोखंड, दिवे आणि धूर लागतो. आपल्याला शाळेतली घंटा पुरे. एक टोल पडला की साल बदलले. सोंगाडी आपल्याकडे आहेच, त्याच्या हाती मोबाईल द्यावा आणि १४३७ सालच्या बिदरच्या दरबारात उभा करावा. तो सुलतानाला रेंज विचारील, मुदपाकखान्यात मिरची शोधील, हशा पिकेल. दरबाराला दोन सतरंज्या आणि एक खुर्ची भागते.

देखाव्यासाठी तर रोहिणखेडला फार लांब जायलाच नको. खुदावंदखानाने १५८२ साली बांधलेली दगडी मशीद गावात आहे. दुसरी लढाई झाली तेव्हा ती जेमतेम आठ-नऊ वर्षांची, नवीकोरी इमारत होती. आज ती जुनी म्हणून आपण पाहायला जातो. जमालखानाच्या शिपायांनी ती पाहिली असेल ती नव्या चुन्याची. नाटकातल्या पोराने त्या दोन्ही वेळी तिथे उभे राहावे. एकदा भिंत जुनी, एकदा नवी, पडदा तोच ठेवला तरी चालेल, नुसते तोंडाने सांगावे, “अरेच्चा, हिचा दगड तर परवाच घडवलाय!” प्रेक्षकांना पटते.

एक प्रवेश मात्र नव्याने लिहावा लागेल, कारण तो तवारिखांत नाही आणि हिंदी चित्रपटातही नाही. पोरगा बिदरच्या जनान्यात पोहोचतो आणि सुलतानाशी बोलण्याआधी त्या दोघींच्या पुढे बसतो, खानदेशच्या आणि संगमेश्वरच्या. पत्र अजून गेलेले नाही, कागद समोर आहे, दौत उघडी आहे. त्याने फक्त विचारायचे आणि गप्प बसायचे. संगमेश्वरची मुलगी पहिल्यांदा आपले खरे नाव सांगते. ते नाव कोणते असावे हे मंडळींनी आपल्या गावातल्या बायकांना विचारून ठरवावे. आणि दोघींची कामे करायला, निदान या खेपेला, मिशा काढलेले गडी उभे करू नयेत. दोन मुली घ्याव्यात.